खोक्यावरचा आकडा आणि पहिली रायफल

(नाशिकमध्ये झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, 'लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी परवडणारी पहिली रायफल'. तुमच्यातले निम्मे 'परवडणारी' हा शब्द वाचून आलेत, हे मला ठाऊक आहे. त्याच्याकडे येतोच. पण आधी 'लांब'चा निकाल लावू.

गाडी घेताना जसं 'ॲव्हरेज किती देते?' तसं रायफल घेताना 'किती लांब जाते?' हा आपला पहिला प्रश्न. शेजारी देवळालीला तोफखाना असल्यामुळे असेल कदाचित, नाशिककरांना पल्ला म्हटलं की किलोमीटरच दिसतात. नेमबाजीत पल्ला म्हणजे गोळी कुठवर जाते ते नव्हे. जिथवर दहाच्या दहा गोळ्या ठरलेल्या वर्तुळात पडतात, तिथवर पल्ला. त्यापुढे जाते ती नुसती गोळी.

एक छोटं गणित करू. १० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं असतं. छर्रा साडेचार मिलिमीटरचा, आणि त्याची कड वर्तुळाला टेकली तरी दहा मिळतात. म्हणजे छऱ्याचा मध्य ५ मिलिमीटरच्या वर्तुळात पडला की काम झालं. ५० मीटरला दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, त्यात गोळीचे ५.६ मिळवा, झाले १६. हे १६ मिलिमीटर १० मीटरवर आणून पाहिले तर ३.२ भरतात. ३०० मीटरला दहाचं वर्तुळ १०० मिलिमीटरचं, तेही १० मीटरवर आणलं की सव्वातीन-साडेतीनच्या घरात. ५० आणि ३०० यांचा कोन जवळजवळ एकच निघाला. आता ज्याचे छर्रे १० मीटरवर ५ मिलिमीटरच्या बाहेर पडतात, त्याने ३०० मीटरची रायफल घेऊन काय करायचं? भिंतीवर टांगायची!

आता खोक्याकडे वळतो. हे जरा लांबेल, आधीच सांगून ठेवतो.

दुकानात एअरगनच्या खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात काय असतं? '१,१०० फूट प्रति सेकंद'. दुसऱ्या खोक्यावर १,२००. गिऱ्हाईक दुसरं उचलतं. हा आकडा खोटा नसतो, पण तो मिळवलेला असतो जेमतेम ०.३२ ग्रॅमच्या हलक्या मिश्रधातूच्या छऱ्याने. आपल्याकडे .१७७ बोअर (म्हणजे साडेचार मिलिमीटरची नळी) आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, फक्त ओळखीची आणि पत्त्याची कागदपत्रं द्यावी लागतात. पूर्ण २० ज्यूल धरले तर या हलक्या छऱ्याचा वेग येतो सेकंदाला साधारण ३५० मीटर, म्हणजे सुमारे १,१५० फूट. त्याच बंदुकीत शिशाचा ०.५३ ग्रॅमचा नेहमीचा छर्रा घाला. तेच २० ज्यूल, आणि वेग २७५ मीटर, म्हणजे ९०० फूट. बंदूक तीच, जोर तोच, फक्त छर्रा बदलला आणि खोक्यावरचे अडीचशे फूट गळाले.

बरं, तो हलका छर्रा घेऊनच मारला तर काय होतं? आवाजाचा वेग आपल्या उन्हाळ्यात साधारण ३५० मीटर. छर्रा बरोबर त्या उंबरठ्यावर असतो. छऱ्याची कंबर बारीक आणि मागचा घेर पोकळ, त्यामुळे हवेचा मार लागला की तो डगमगतो. मिश्रधातू कडक, म्हणून नळीतल्या आट्यांची, म्हणजे आतल्या पिळदार खाचांची, पकडही नीट बसत नाही. आणि वजन कमी असल्याने वेगही लवकर मरतो. म्हणजे ज्या आकड्यासाठी पैसे मोजले, त्याच आकड्याने नेम घालवला.

उलट बाजू बघा. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राने ७००.५ गुणांवर सुवर्ण घेतलं ते १० मीटर एअर रायफलमध्ये. त्या जातीच्या रायफलीतून छर्रा निघतो सेकंदाला साधारण १७० ते १७५ मीटरने, म्हणजे खोक्यावरच्या आकड्याच्या निम्म्याने. ऊर्जा जेमतेम ८ ज्यूल. ही बंदूक घेऊन दुकानात उभे राहिलात तर शेजारचं पोरगं म्हणेल, 'काका, ही फुसकी आहे.'

(हशा)

हसू नका, हेच .२२ मध्येही, म्हणजे .२२ इंची काडतुसाच्या रायफलीतही होतं. काडतुसाच्या डबीवर 'हाय व्हेलॉसिटी' लिहिलेलं असतं, वेग ३८० मीटरच्या आसपास. ती गोळी आवाजाच्या वेगापेक्षा जोरात निघते आणि थोड्याच अंतरात त्याच्या खाली येते. हा वेग ती फार झपाट्याने गमावते, म्हणून १०० मीटरवर आडवा वारा तिला हळू गोळीपेक्षा जास्त ढकलतो. स्पर्धेचं काडतूस मुळातच ३२५ मीटरच्या आसपास ठेवलेलं असतं, आवाजाच्या खाली. जोरात मारली की वाऱ्याला चुकवते, हा समज इथे सपशेल उताणा पडतो.

वाऱ्याचा विषय निघालाच आहे, तर येवल्याच्या पतंगवाल्यांना विचारा. संक्रांतीला गच्चीवर आसारी (मांज्याचं रीळ) घेऊन उभा असलेला माणूस सांगेल की खालचा वारा वेगळा आणि वरचा वेगळा. नेमबाज मात्र झाडाचा शेंडा बघून साइट फिरवतो! आपली गोळी खांद्याच्या उंचीवरून जाते, शेंड्यावरून नाही. सेकंदाला साडेचार मीटरचा आडवा वारा असेल तर ५० मीटरवर .२२ ची गोळी अडीच-तीन सेंटिमीटर सरकते. दहाचं वर्तुळ एक सेंटिमीटरचं, हे मघाशी सांगितलंच. म्हणून नळीच्या उंचीवर झेंडी लावा, एक बंदुकीजवळ आणि एक अर्ध्या वाटेवर.

दुर्बिणीची तक्रार थोडक्यात. १० आणि ५० मीटरच्या ऑलिंपिक प्रकारात दुर्बीण चालतच नाही, पीप साइट, म्हणजे बारीक भोकातून बघायची साइट, लागते. तरी पहिल्याच दिवशी २४ पटीची दुर्बीण! एप्रिलमध्ये दुपारी तिच्यातून लक्ष्य पाण्यात ठेवल्यासारखं हलतं, कारण ती तापलेल्या हवेची लहरसुद्धा २४ पट करते. शिकारीच्या साध्या दुर्बिणीचा पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा सरकल्याने नेम सरकण्याचा दोष, १०० यार्डांसाठी काढलेला असतो. १० मीटरवर डोळा जरा हलला की नेम हलतो. आणि स्प्रिंगने दट्ट्या ढकलून हवा दाबणाऱ्या बंदुकीवर, म्हणजे स्प्रिंगगनवर, ती फार दिवस टिकत नाही. स्प्रिंगगन आधी मागे आणि लगेच पुढे असे दोन धक्के देते. साधी दुर्बीण मागच्या धक्क्यासाठी बांधलेली असते, पुढच्याने तिच्यातली तार सुटते.

स्प्रिंगगन पकडायची पद्धत तर आपल्या देवळालीच्या नावाचीच म्हणा, तिला 'आर्टिलरी होल्ड' म्हणतात. तोफ जशी मोकळी मागे सरते, तशी बंदूक तळहातावर नुसती ठेवायची, आवळायची नाही. आवळली की प्रत्येक गोळीला पकड वेगळी आणि ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरचा गोळ्यांचा पुंजका, पसरला. छर्रा न घालता ती कधी चालवायची नाही. पुढे हवेची उशी नसली की दट्ट्या सरळ धातूवर आपटतो.

चिठ्ठी आलीय, पंधरा मिनिटं राहिलीत. आणि मूळ विषय अजून पिशवीतच आहे. चला, आता भराभर.

परवडण्याचा हिशेब रुपयांत सांगत नाही. आयात मालाचे भाव आज सांगितले तर दिवाळीला खोटे ठरतील. जुन्या आण्यांत सांगतो. सोळा आण्यांतले नऊ आणे रायफलीला, तीन आणे जॅकेट आणि हातमोज्याला, तीन आणे छऱ्यांना, एक आणा पेटी आणि साफसफाईला. सोळाच्या सोळा आणे रायफलीत घातलेला माणूस तिसऱ्या महिन्यात छर्रे मोजून मारतो आणि चौथ्या महिन्यात ती विकायला काढतो. तुम्ही त्याचे गिऱ्हाईक व्हा.

पहिली रायफल १० मीटरचीच घ्या. एकावेळी एक छर्रा, दाबलेल्या हवेची पीसीपी, पीप साइट आणि दोन टप्प्यांचा ट्रिगर असलेली. फाइनवेर्कबाऊ, वाल्थर, अन्शुट्झ, स्टायर यांची जुनी मॅच (म्हणजे स्पर्धेची) रायफल ही नव्या झगमगीत बंदुकीपेक्षा केव्हाही बरी. जुनी घेताना हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचा, दहा वर्षं उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. हवा भरून काट्यावर खूण करा आणि दुसऱ्या दिवशी बघा. काटा उतरला असेल तर सील गेलंय. नळीच्या तोंडाच्या कडेवरून कापसाची काडी गोल फिरवा. धागा अडकला तर कडेला कचका आहे आणि तिथून निघणारा प्रत्येक छर्रा वाकडा ढकलला जाणार. मग शिशाचा एक छर्रा सळईने नळीतून हळूहळू ढकला. मध्येच सैल लागला तर ती बंदूक सोडून द्या. दस्त्याचे स्क्रू स्वतः आवळून पाहा. ग्रुप भटकतो म्हणून नळीला शिव्या घालतात, आणि पुष्कळदा दोष निघतो ढिल्या स्क्रूचा.

मुलांसाठी घेत असाल तर वजन बघा. स्पर्धेच्या नियमाची मर्यादा साडेपाच किलोची आहे, म्हणून तेरा वर्षांच्या मुलाला साडेपाच किलोची द्यायची नसते. साडेतीन-चार किलो पुरे. आणि आधी त्याचा डोळा तपासा. दोन्ही तळव्यांच्या मध्ये फट ठेवून दोन्ही डोळ्यांनी लांबची खूण बघायला लावा, मग एकेक डोळा झाका. जो झाकल्यावर खूण गायब होते तो नेमाचा डोळा. उजव्या हाताचा मुलगा डाव्या डोळ्याचा निघाला, तर हे रायफल घेण्याआधी कळलेलं बरं.

५० मीटर. .२२ ला परवाना लागतो. शहरात पोलीस आयुक्तालय, ग्रामीणला जिल्हाधिकारी कार्यालय. तोवर क्लबच्या रायफलीवर झोपून मारा. पॅरिसला २०२४ मध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने कांस्य घेतलं ते याच अंतरावर, गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून. घेताना बोल्ट ॲक्शन (हाताने खिट्टी ओढून गोळी भरायची), जाड नळी, आट्या सोळा इंचांत एक फेरा, ट्रिगर जुळवता येणारा. ईशापूरच्या कारखान्यातल्या .३१५ रायफलीचा मोह नको, ती शिकारीच्या काळातली रायफल. शिकार वन्यजीव कायद्याने संपली आणि त्या रायफलीचं कामही संपलं. .२२ च १०० मीटरला न्या. ५० ला शून्य केलेली, म्हणजे ५० मीटरवर बरोबर मध्यात लागेल अशी साइट जुळवलेली, गोळी तिथे वीतभर खाली पडते. साइट किती फिरवायची आणि वारा किती धरायचा, हे या स्वस्त काडतुसावर शिकून होतं.

शेवटचं, काडतुसं. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या डब्यांतही लॉट, म्हणजे एका खेपेत बनलेला माल, बदलला की ग्रुप बदलतो. तीन-चार लॉटची एकेक डबी घ्या आणि प्रत्येकाचे दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप मारा. तीन गोळ्यांचा ग्रुप नको, तीन गोळ्या कुणाच्याही एका भोकात जातात. जो लॉट जमला त्याच्या, तुमच्या परवान्यात बसतील तेवढ्या, डब्या त्याच दिवशी उचला, पुढच्या आठवड्यात तो लॉट दुकानात नसेल. छऱ्यांनाही हेच लागू.

दुसरी चिठ्ठी आली. प्रश्न बाहेर चहाजवळ घेऊ. ज्यांनी मघाशी मागे ठेवलेले छर्रे हाताळून पाहिले, त्यांनी बिस्किटाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा, ते शिसं आहे.