फोंडा ते पणजी, विजेवर: जुन्या मारुतीचा आराखडा

[दृश्य: फोंड्यातलं अंगण. पत्र्याच्या शेडखाली मारुती ८००, बॉनेट उघडं.]

मारुती ८००. वजन साधारण साडेसहाशे किलो, ७९६ सीसीचं इंजिन, ओढ पुढच्या चाकांना, गिअर हाताने बदलायचे. आत काय आहे ते बॉनेट उघडताच दिसतं. पेट्रोलची गाडी विजेवर न्यायची तर हलकी आणि साधी गाडी निवडावी. वजनी गाडीला मोठी बॅटरी लागते, मोठी बॅटरी गाडीचं वजन आणखी वाढवते, आणि हे चक्र कुठे थांबवायचं ते गाडी निवडतानाच ठरून जातं.

आधी कायदा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, नोंदलेल्या मूळ तपशिलांत मालकाला मनाप्रमाणे बदल करता येत नाही. इंजिन काढून मोटर बसवायला वाट आहे, पण ती मान्यता मिळालेल्या किटमधूनच, म्हणजे मोटर, बॅटरी आणि मोटरला वीज मोजून देणारा कंट्रोलर यांच्या तयार संचातूनच जाते. एआयएस १२३ या मानकाच्या तिसऱ्या भागाप्रमाणे किटची तपासणी होते. पुण्याची एआरएआय, मानेसरची आयकॅट अशा संस्था ती करतात. मान्यता कोणत्या गाड्यांसाठी आहे, हे प्रमाणपत्रात लिहिलेलं असतं. तुमचं मॉडेल त्यात नसेल तर विक्रेता काहीही म्हणो, पैसे देऊ नका. किट बसवणारा उत्पादकाने नेमलेला असावा लागतो. मग नोंदणी कार्यालय आरसीवरचं इंधन बदलतं, गाडीला हिरवी पाटी मिळते, आणि विमा कंपनीला तसं कळवावं लागतं. परवानगीविना बदल केल्यास कलम १८२अ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. सुटे भाग जमवून घरी जोडलेली गाडी रस्त्यावर आणायचा विचार म्हणूनच सोडून द्यावा.

मग घरी करण्यासारखं काय उरतं? हिशेब. किट विकणारा सरासरी गाडीचा हिशेब सांगतो. तुमचा रस्ता, तुमचा चढ आणि तुमच्या अंगणातलं अर्थिंग त्याला ठाऊक नसतं.

[दृश्य: गाडीखालून. टॉर्चच्या उजेडात तळाचा पत्रा.]

गोव्यात पहिली तपासणी गंजाची. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी जुन्या गाडीचा पत्रा आतून खाल्लेला असतो, वरचा रंग मात्र शाबूत दिसतो. पायाखालची चटई काढा, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचून पाहा. सस्पेन्शन जिथे बॉडीला धरलेलं असतं ती जागा, मागच्या सीटखालचा पत्रा, दाराखालची पट्टी. जिथे टोक आत जातं तिथे बॅटरीची पेटी धरणार नाही. वेल्डिंग करून घ्यायचं ते आत्ताच, कारण बॅटरी बसल्यावर गाडीत वेल्डिंग करणं धोक्याचं आहे. आरसीची मुदतही पाहून ठेवा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे फिटनेस पाहून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. ज्या गाडीचा पत्रा फिटनेसमध्ये टिकणार नाही तिच्यावर किटचे पैसे घालू नयेत.

यानंतर वजनकाटा. पुढची चाकं काट्यावर घेऊन एक वजन, मागची घेऊन दुसरं. इंजिन आणि रेडिएटर निघाल्यावर पुढचा भाग हलका होतो. बॅटरी डिकीत घातली की मागचा जड होतो. मागचा भाग फार जड झाला तर पुढच्या चाकांची पकड कमी होते, आणि या गाडीला ओढणारी चाकं तीच. म्हणून बॅटरी दोन भागांत वाटलेली बरी, थोडी पुढे इंजिनाच्या जागी, उरलेली मागे टाकीच्या जागी. चवथीला घरची माणसं आणि माटोळीचं सामान, म्हणजे गणपतीवर टांगायची फळं-भाज्या, भरलं तरी गाडीच्या पुस्तिकेतलं कमाल एकूण वजन ओलांडता कामा नये.

[दृश्य: फर्मागुडीचा चढ, सकाळची वाहतूक.]

आता रस्ता. फोंड्याहून फर्मागुडी, म्हार्दोळ, कुंडई, बाणस्तारी, जुनं गोवं करत पणजी. एका बाजूला साधारण तीस किलोमीटर. जाऊन-येऊन साठ, बाजारहाट धरून सत्तर.

दोन माणसांसह गाडी नऊशे किलो धरू. सपाटीवर ताशी ५० च्या वेगाला चाकांपाशी अडीच-पावणेतीन किलोवॉट पुरतात. ताशी ८० ला हाच आकडा सातच्या घरात जातो, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. मोटर, कंट्रोलर आणि गिअरबॉक्समधली घट, थांबणं, निघणं हे सगळं मिळवून किलोमीटरमागे ११० वॉट-तास धरावेत. सत्तर किलोमीटरला ७.७ किलोवॉट-तास, म्हणजे घरच्या मीटरच्या भाषेत ७.७ युनिट.

पण बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते; ऐंशी टक्केच वापरायची. आणि काही वर्षांनी तिची क्षमता कमी होणारच, त्यासाठी आणखी वीस टक्के बाजूला. ७.७ ला ०.८ ने दोनदा भागा, उत्तर १२. पावसाळ्यातले दिवे, वायपर आणि ओला रस्ता धरून १४ किलोवॉट-तास घ्यावेत. लिथियम आयर्न फॉस्फेटचे १५० अँपिअर-तासांचे ३० सेल ओळीने जोडले तर ९६ व्होल्ट आणि १४.४ किलोवॉट-तास होतात. नुसत्या सेलचं वजन नव्वद किलोच्या आसपास. पेटी, केबल आणि पकडपट्ट्या वेगळ्या. दहा किलोवॉट-तासांच्या किटवर 'शंभर किलोमीटर रेंज' लिहिलेलं असेल, तर तो आकडा नव्या बॅटरीचा आणि शेवटच्या थेंबापर्यंतचा समजावा.

चढाचा हिशेब वेगळा करायचा. शंभर मीटरला आठ मीटर चढ धरला, वेग ४०, तर चाकांपाशी साडेनऊ किलोवॉट लागतात, बॅटरीतून बारा. म्हणजे साधारण १३० अँपिअर, आणि तेही सलग. त्यामुळे मोटरची सलग क्षमता निदान १२ ते १५ किलोवॉट हवी. जाहिरातीत ठळक छापलेला २५ किंवा ३० हा आकडा बहुधा काही सेकंदांचा असतो. तो फेरीबोटीच्या धक्क्यावरून ओल्या उतारावर वर निघायला कामाचा, फर्मागुडी चढायला नाही.

शिवाय फोंडेकराला हा चढ संध्याकाळी, परत येताना लागतो. बॅटरी तेव्हा सर्वांत खाली असते. त्या अवस्थेत १३० अँपिअर ओढले की व्होल्टेज आणखी खाली बसतं, कंट्रोलर स्वतःला वाचवायला शक्ती कमी करतो, आणि मागे बसची रांग लागते. बॅटरी थोडी मोठी घ्यायचं खरं कारण हे आहे.

पणजीत आल्तिनो टेकडीवर राहणाऱ्यांची अडचण उलटी. रात्रभर चार्ज करून सकाळी थेट उतार. उतारावर मोटर वीज परत पाठवते, भरलेल्या बॅटरीत जागा नसते, बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट, म्हणजे बीएमएस, ती वाट बंद करतं आणि पायाखालचा मोटरचा ब्रेक अचानक नाहीसा होतो. अशा घरी चार्जिंग ९० टक्क्यांवर थांबवावं.

[दृश्य: वर्कशॉप. गिअरबॉक्सच्या तोंडावर ॲल्युमिनियमची जाड प्लेट.]

मोटर आणि गिअरबॉक्स जोडणारी ही ॲडॅप्टर प्लेट. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक मूळ इंजिनात एका छोट्या बेअरिंगमध्ये टेकलेलं असेल, तर तो टेकू नव्या जोडणीतही हवा, नाहीतर शाफ्ट डोलतो. मोटरचा आणि गिअरबॉक्सचा अक्ष एका रेषेत हवा. डायल गेज लावून शाफ्ट हाताने फिरवला की काटा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात बोलतो. इथे चूक राहिली तर आधी गुणगुण ऐकू येते, मग ऑइल सील गळतं, मग बेअरिंग जातं. बसवणाऱ्याला डायल गेज लावून दाखवायला सांगा. दाखवत नसेल तर दुसरीकडे जा.

बॅटरीचे सेल कोणते आहेत, हेही विचारायचं. सौरऊर्जेच्या साठ्यासाठी बनलेले सेल स्वस्त मिळतात, पण त्यांतल्या अनेकांना क्षमतेच्या अर्ध्या ते एकपट प्रवाहाचीच सवय असते. आपल्या गाडीला जोर काढताना, म्हणजे २५ किलोवॉटला, २६० अँपिअर लागतात. १५० अँपिअर-तासांच्या सेलला ते पावणेदोन पट झाले. डेटाशीट मागून घ्या आणि सलग प्रवाह, क्षणिक प्रवाह हे दोन आकडे शोधा.

नवी गाडी सांगितल्यापेक्षा कमी चालत असेल तर बीएमएसच्या ॲपवर चार्जिंगच्या शेवटी सेलचं व्होल्टेज पाहा. एकच सेल ३.६५ वर गेला आणि बाकीचे ३.४० वर असतील, तर त्या एकासाठी सगळं चार्जिंग थांबतंय. जोडणीआधी सेल समपातळीवर आणलेले नव्हते. बीएमएस ते हळूहळू सुधारतं, पण त्याचा समतोल प्रवाह बहुधा अँपिअरच्या दहाव्या भागाइतका. दहा अँपिअर-तासांचा फरक भरायला शंभर तास लागतात.

[दृश्य: बसबारचा जवळून फोटो. बोल्टभोवती पांढरी भुकटी.]

सर्वांत जास्त गाड्या अडतात त्या इथे. सेलचं टर्मिनल ॲल्युमिनियमचं, सेल एकमेकांना जोडणारी पट्टी म्हणजे बसबार तांब्याचा, आणि मध्ये खारी दमट हवा. दोन धातूंच्या सांध्यात ही पांढरी भुकटी धरते आणि रोध वाढतो. एक मिलिओहम, ऐकायला काहीच नाही. पण १३० अँपिअरला त्या एका बोल्टपाशी १७ वॉट उष्णता तयार होते, आणि चढ संपेपर्यंत होत राहते. प्लास्टिक मऊ पडतं, बोल्ट ढिला होतो, रोध आणखी वाढतो. उपाय सोपे आहेत: कथील किंवा निकेलचा मुलामा दिलेले बसबार आणि केबलच्या टोकांचे लग, सांध्यावर गंजरोधक पेस्ट, लग केबलवर दाबून बसवायला हायड्रॉलिक क्रिम्प, आणि सेल कंपनीने सांगितलेल्या टॉर्कवर टॉर्क पान्याने आवळणं. अंदाजाने आवळलं तर ॲल्युमिनियमचे आटे जातात. मुख्य केबल ५० चौरस मिलिमीटर तांब्याची, नारिंगी रंगाची; ६० व्होल्टच्या वर डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी बॅटरीची वीज, जीवघेणी असते.

फ्यूज डीसीसाठीच बनलेला हवा, बॅटरीच्या भरलेल्या व्होल्टेजपेक्षा, म्हणजे इथे ११० पेक्षा, वरच्या मापाचा. एसीचा, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या घरच्या विजेचा, प्रवाह सेकंदात शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझते. डीसीत तो क्षण येतच नाही. एसीचा फ्यूज वितळूनही आत ज्वाला चालू राहते. बॅटरी जोडणारा-तोडणारा मोठा स्विच म्हणजे कॉन्टॅक्टर; त्याच्याआधी थोडा थोडा प्रवाह सोडणारा प्रीचार्ज रेझिस्टर आहे ना, हे पाहा. तो नसेल तर कंट्रोलरचे रिकामे कपॅसिटर एका झटक्यात भरतात आणि कॉन्टॅक्टरचे संपर्क चिकटून बसतात. मग किल्ली बंद केली तरी वीज बंद होत नाही.

इंजिन गेलं की ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरला मिळणारा व्हॅक्यूमही जातो. बूस्टर असलेल्या गाडीत १२ व्होल्टचा व्हॅक्यूम पंप, छोटी टाकी आणि व्हॅक्यूम कमी झाल्याची सूचना देणारा दिवा, तिन्ही हवेत. ऑल्टरनेटरची जागा मोठ्या बॅटरीची वीज १२ व्होल्टवर उतरवणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर घेतो. पावसाळी रात्री हेडलाइटचे ११० वॉट, वर वायपर, पंखा, मागचे दिवे, व्हॅक्यूम पंप; ३०० वॉट सहज होतात. कन्व्हर्टर ५०० चा घ्या, आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी काढू नका.

[दृश्य: घराची बाहेरची भिंत, सोळा अँपिअरचं सॉकेट.]

अडीच किलोवॉटचा चार्जर ऐंशी टक्के भरायला पाच तास घेतो, साधारण तेरा युनिट. सॉकेटला मीटरपासून स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची वायर, गळती होताच वीज तोडणारं ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, आणि खरं अर्थिंग. जांभ्या दगडाची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की अर्थिंगचा रोध चढतो. जुलैत उत्तम दिसलेला खड्डा एप्रिल-मेमध्ये निकामी असू शकतो. म्हणून मोजणी मे महिन्यात करून घ्यावी आणि खड्ड्यात पाणी घालत राहावं.

बॅटरीची पेटी पाणबंद हवी, पण दाब समान ठेवणाऱ्या पडद्याच्या छिद्रासह. नाहीतर गरम पेटी पावसात थंड होताना सीलमधून ओलसर हवा ओढते आणि आत थेंब धरतात. केबल पेटीच्या खालच्या बाजूने आत घ्यावी, आधी तिला एक वाक देऊन, म्हणजे पाणी वाकावरून गळून जातं. फेरीबोटीने चोडण किंवा दिवाडी बेटावर जाणं-येणं असेल तर पेटीचा तळ धक्क्याच्या मोडावर घासतो का, ते रिकाम्या नाही, भरल्या गाडीने पाहावं. तिथलं पाणी मचूळ असतं; घरी आल्यावर तळ गोड्या पाण्याने धुवावा, पण प्रेशर पंपाची धार सीलवर मारू नये.

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कवर तपासून घ्या. आणि पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर मेगर या रोध मोजणाऱ्या उपकरणाने बॅटरी आणि बॉडी यांच्यातला रोध मोजून घ्या: व्होल्टमागे निदान ५०० ओहम, म्हणजे ९६ व्होल्टला ४८ किलोओहम. त्याखाली आकडा दिसला तर ओल कुठून आली ते सापडेपर्यंत गाडी शेडमध्येच.