शनिवारचं छोटाउदेपूर

नमस्कार बडोदेकर मंडळी! सुट्टी आली की आपलं ठरलेलं, पावागड नाहीतर केवडिया, आणि तिसरं काही सुचवलं की घरचे विचारणार, तिथे बघायला आहे काय? तर आज छोटाउदेपूरबद्दल बोलू. २०१३ साली आपल्याच जिल्ह्यातून वेगळं होऊन जिल्ह्याचं ठिकाण झालं, पण एरवी साधंच गाव हो, कचेऱ्या, झेरॉक्सची दुकानं, चहाच्या लाऱ्या. शनिवारी मात्र हाट, म्हणजे आठवडी बाजार, भरतो आणि डोंगरातली सगळी शेती खाली उतरते, म्हणून जायचं तर शनिवारीच.

कारने नका जाऊ, प्रतापनगरहून ट्रेन आहे. खंडेराव महाराजांच्या काळात, १८६२ साली, डभोई-मियागाम रूळ पडले तेव्हा डबे बैल ओढायचे, त्या गायकवाडी छोट्या रेल्वेच्या कुटुंबातलीच ही लाईन, आता ब्रॉडगेज झाली आणि गाडी पार अलीराजपूरपर्यंत जाते. वाटेत संखेडा लागतं, आपल्या आजीच्या घरातला तो लाल-सोनेरी झोपाळा इथलाच. बोडेलीपर्यंत कपाशी आणि केळी, सगळं सपाट. पुढे खिडकी सोडू नका, जमीन उंचसखल व्हायला लागते, केळी संपतात आणि शेताच्या मधोमध मोहाची झाडं दिसायला लागतात, ती कुणी तोडत नाही, कारण फुलं विकून पैसा येतो आणि बियांचं तेल निघतं.

नर्मदेचा मोठा कॅनॉल बोडेलीजवळून ओरसंग नदी ओलांडून जातो, पण पाणी चढावर कसं जाणार, म्हणून डोंगरातली बरीचशी शेती पावसावरच. मका आणि तूर एकाच शेतात ओळीने लावतात, मका पावसाळा सरता सरता निघतो, तूर थंडीपर्यंत उभी राहते. पावसाने दगा देऊन मका गेला तरी तुरीची मुळं खोल असतात, ती काहीतरी देऊन जाते. याला मी तरी विमाच म्हणेन, आणि क्लेमसाठी कुणाच्या ऑफिसात खेटे घालावे लागत नाहीत!

आता हाट. एक राठवा (इथली आदिवासी जमात) बाई, गळ्यात चांदीची जाड हासळी, डोक्यावरून तुरीची पिशवी उतरवते, व्यापारी मूठभर तूर हातात घेऊन फुंकर मारतो, भाव सांगतो, ती काही बोलत नाही, नुसती पिशवीचं तोंड धरून ठेवते, मग तो थोडा वाढवतो आणि तिची मूठ सुटते. नोटा पदरात, आणि तिथूनच सरळ मीठ, मिरच्या, सुकी मासळी, पोराला चप्पल. म्हणजे सकाळी आलेला पैसा दुपारपर्यंत त्याच बाजारात परत. काटा कुणाचा तर व्यापाऱ्याचा, हे मला खटकतंच.

पिठोरा, म्हणजे राठव्यांचं भिंतीवरचं चित्र, हल्ली आपल्याकडे कुर्त्यांवर, कुशन कव्हरवर दिसतो, छान दिसतो, पण मूळ काम नवसाचं. घरात आजारपण आलं, गुरं दगावली की बाबा पिठोरा या देवाला नवस बोलतात, मग ओसरीची भिंत कुमारिका शेण आणि पांढऱ्या मातीने सारवतात, लखारे, म्हणजे पिठोरा काढणारे चित्रकार, त्यावर घोडे काढतात, रंगात दूध आणि मोहाची दारू (हो, दारूबंदीच्या राज्यात, पण देवाचं काम आहे), आणि शेवटी बडवा, म्हणजे त्यांचा पुजारी, येऊन एकेक चित्र नाव घेऊन तपासतो. घरात असा पिठोरा असेल तर चपला बाहेर काढा, आणि विचारल्याशिवाय मोबाईल नाही काढायचा. आधी वाटेतल्या तेजगढला उतरून भाषा संस्थेची आदिवासी अकादमी बघितलीत तर पुढचं जास्त कळेल.

आणि ही माणसं आपल्याला अनोळखी नाहीत बरं का, पिकं निघाली की यातलीच कितीतरी कुटुंबं बडोद्यात बांधकामावर येतात, तुमच्या सोसायटीचा स्लॅब टाकताना वाळूही बहुतेक ओरसंगचीच असेल, तीच ओरसंग जी चांदोदपाशी नर्मदेला मिळते आणि जिच्याकडे आपण दिवसकार्याला गेल्यावर ढुंकूनही बघत नाही.

खिशात सुटे पैसे ठेवा, दहा-वीसच्या नोटा, पाचशेची नोट काढलीत तर बाई हसून पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळेल. मार्चमधे गेलात तर पहाटे मोह वेचणारे दिसतील, पण त्यासाठी आदल्या रात्री मुक्काम हवा. होळीनंतर कवांटला घेरची जत्रा असते, तिला मात्र गर्दी प्रचंड, त्या दिवसांत मुलाबाळांना घेऊन आयत्या वेळी निघू नका, राहायची सोय आधीच करून ठेवा.