मुलं एका खोलीत, पालक दुसऱ्या खोलीत

श्रोतेहो, नमस्कार. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात असं त्याला वाटू लागलं, की घरची माणसं आधी देवाचा कौल घेतात. घ्या, आमची हरकत नाही. पण त्याच आठवड्यात गोव्यातल्या बांबोळीच्या मनोरुग्णालयात किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडेही जा. उपचार सुरू व्हायला जितका उशीर, तितकं बरं होणं अवघड.

औषधं सुरू झाली, भ्रम ओसरला, की गटाची, म्हणजे अशाच घरांनी एकत्र जमून अडचणी सोडवण्याच्या बैठकांची, वेळ येते. मूल ऐन भरात आजारी असताना गटात बसवू नये; गर्दीने त्याचा संशय वाढतो. पाच ते आठ कुटुंबं, पंधरा दिवसांतून एकदा, दीड तास. मुलं आणि पालक एकाच वेळी, पण वेगळ्या खोल्यांत. एकत्र बसवलं की आई बोलते आणि मुलगा जमिनीकडे बघत राहतो.

पहिली पंधरा मिनिटं आजाराचं नावही काढायचं नाही. फुटबॉल, पाऊस, बाजारातले बांगडे, काहीही चालेल. मग प्रत्येक घराची अडचण ऐकून त्यातली एकच फळ्यावर लिहायची. समजा, मुलगा सकाळी उठत नाही, शाळेची बस चुकते. सगळे उपाय सुचवतात. ते सगळे लिहायचे, कोणाला हसायचं नाही. मग एकेकाचे फायदे-तोटे. बोलता बोलता कळतं, की गोळी रात्री अकराला दिली जाते आणि तिची गुंगी सकाळपर्यंत उतरत नाही. घरचे ज्याला आळस म्हणत होते, तो बराचसा गोळीचा परिणाम. वेळ अलीकडे आणता येईल का, हे डॉक्टरांना विचारायचं ठरतं. कोण विचारणार, कधी, तेही लिहायचं. पुढच्या बैठकीत पहिला प्रश्न तोच. इथेच बहुतेक गट ढिले पडतात: ठरवतात छान, विचारत कोणी नाही.

एक गोष्ट पालकांना पहिल्याच बैठकीत सांगावी. काही औषधांनी सुरुवातीच्या दिवसांत, विशेषतः तरुण मुलांची, मान अचानक वाकडी होते, डोळे वर चढतात, जीभ जड होते. घरात ओरड होते, 'अंगात आलं!' तो औषधाचा दुष्परिणाम असतो. लगेच दवाखान्यात न्या. इंजेक्शनने बहुधा तासाभरात उतरतो. हे आधी माहीत नसलेली घरं घाबरून सगळ्याच गोळ्या बंद करतात आणि आजार उलटतो.

मुलांच्या खोलीत मुख्य काम म्हणजे स्वतःच्या धोक्याच्या खुणा ओळखणं. कोणाची सलग दोन रात्री झोप उडते, कोणी घरचं जेवण नाकारतो. प्रत्येकाने आपल्या तीन खुणा कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवायच्या. गांजाचा विषयही इथेच निघतो. पालकांसमोर निघत नाही.

आणि चवथीच्या आधीच्या बैठकीत वेगळी आखणी करावी. घर पाहुण्यांनी भरतं, आरत्या लांबतात, जागरण होतं. मुलासाठी मागची एक शांत खोली, झोपायची वेळ ठरलेली, गोळी देण्याची जबाबदारी एकाच माणसावर. आरतीला यायचं की नाही, ते त्याने ठरवावं. पाहुण्यांना काय सांगायचं, तेही त्यालाच आधी विचारा.