भरतीचा न्याय जाहिरातीपासून

मंडळी, शहराच्या नोकरभरतीत अन्याय झाला असं आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यांसमोर येतो तो पैसे घेऊन काम करून देणारा दलाल किंवा फुटलेला पेपर. ते गुन्हेच आहेत आणि त्यांना शिक्षा झालीच पाहिजे. पण कुणी लाच घेतलेली नाही, पेपर फुटलेला नाही, गुणांची बेरीज अगदी बरोबर आहे, आणि तरीही शहरातल्या एका मोठ्या वर्गाला त्या नोकरीचं दार बंदच राहिलं, असंही होतं. ते होतं जाहिरातीतल्या अटींमुळे आणि चाचणी कशाची घ्यायची या निर्णयामुळे. आज मला त्याबद्दल बोलायचं आहे.

न्यूयॉर्क शहराचं अग्निशमन दल घ्या. १९७७ साली तिथे पहिल्यांदा महिलांना अग्निशामक पदासाठी अर्ज करता आला. लेखी परीक्षा अनेकजणी उत्तीर्ण झाल्या. मग शारीरिक चाचणी झाली आणि तिच्यात एकही महिला पास झाली नाही. ‘बायकांना हे काम झेपत नाही’ म्हणायला लोक मोकळे झाले. ब्रेंडा बर्कमन या उमेदवार महिलेने मात्र शहरावर दावा लावला. तिचं म्हणणं होतं की चाचणीतल्या कसरतींचा आग विझवण्याच्या प्रत्यक्ष कामाशी मेळ बसत नाही. १९८२ साली न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. शहराला नवी चाचणी तयार करावी लागली आणि त्याच वर्षी चाळीसच्या आसपास महिला दलात दाखल झाल्या. बर्कमन पुढे त्याच दलात कॅप्टन झाली. ज्यांना आधी ‘नापास’ ठरवलं होतं, त्यांच्यातलीच ही बाई होती, हे विसरू नका.

या निकालामागचं तत्त्व अकरा वर्षं आधीच, १९७१ साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं. खटला एका वीज कंपनीचा होता. चांगल्या पगाराच्या विभागांत जायचं तर शाळा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र हवं आणि लेखी चाचण्या पास व्हायला हव्यात, अशी तिची अट. गंमत पाहा: त्या विभागांत आधीपासून असलेले अनेक गोरे कामगार प्रमाणपत्र नसतानाही काम व्यवस्थित करत होते. म्हणजे कामाला त्या कागदाची गरज नव्हती. अडले ते कृष्णवर्णीय कामगार. न्यायालयाने म्हटलं की हेतू काय होता एवढंच पाहून चालणार नाही. अट सगळ्यांना सारखी असली, पण एका गटाला वगळत असेल आणि कामाशी तिचा संबंध दाखवता येत नसेल, तर ती चालणार नाही. हा निकाल नोकरीतल्या भेदभावाविरुद्धच्या ज्या कायद्याखाली आला, तो पुढच्याच वर्षी, १९७२ साली, तिथल्या राज्य आणि शहर सरकारांनाही लागू झाला.

आता आपल्या ओळखीच्या अटी डोळ्यांसमोर आणा. कचरागाडीच्या ड्रायव्हरला परवाना हवा, नजर चांगली हवी, मार्गाचा तक्ता वाचता यायला हवा. तिथे ‘पदवीधर असावा’ लिहिलं की काय होतं? ज्यांच्या घरात कॉलेजपर्यंत कुणी पोचलंच नाही, ते अर्जाच्या आधीच बाद होतात. टेबलावर बसून करायच्या कामाला ‘उमेदवार शारीरिकदृष्ट्या सुदृढ असावा’ अशी मोघम ओळ घातली की अपंग माणूस अर्ज भरतच नाही. आणि न भरलेल्या अर्जाची नोंद कुठेही होत नाही. या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

‘मग गुणवत्तेचं काय?’ असं विचारलं जाईल. विचारायलाच हवं. मी गुणवत्तेच्याच बाजूने बोलतो आहे. जी चाचणी कामातलं कौशल्य मोजत नाही, ती गुणवत्ता मोजतच नाही. त्याच न्यूयॉर्क दलाच्या १९९९ आणि २००२ च्या लेखी परीक्षा न्यायालयाने भेदभाव करणाऱ्या ठरवल्या. प्रकरण मिटवताना २०१४ साली शहराने सुमारे नऊ कोटी ऐंशी लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. चुकीची परीक्षा स्वस्तात पडत नाही.

मुलाखतीबद्दल माझं मत कडक आहे. वशिला शिरतो तो इथूनच. शिकागोत राजकीय वशिल्याच्या भरतीविरुद्ध १९६९ मध्ये खटला उभा राहिला, १९७२ पासून न्यायालयाचे आदेश लागू झाले, आणि तरी २००६ मध्ये शहराच्या अधिकाऱ्यांना भरतीतल्या हेराफेरीसाठी दोषी ठरवावं लागलं. नावं आधीच ठरलेली, मुलाखती नाटकापुरत्या, गुण मागाहून बसवलेले. म्हणून मुलाखत घ्यायचीच असेल तर सगळ्यांना तेच प्रश्न विचारा. प्रत्येक सदस्याने, आपसात चर्चा करण्याआधी आणि पुढचा उमेदवार आत येण्याआधी, स्वतःच्या कागदावर शाईने गुण लिहून सही करावी. खाडाखोड झाली तर कारण लिहावं. यात अवघड असं काहीच नाही.

अर्जांच्या छाननीतही हेच. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा भारतातल्या खाजगी नोकऱ्यांबद्दलचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. पात्रता सारखीच, फक्त नावं वेगळी असे अर्ज पाठवल्यावर दलित आणि मुस्लिम नावांना कमी बोलावणी आली. सरकारी कार्यालयात छाननी करणारीही माणसंच असतात. नाव, फोटो, पत्ता झाकून अर्ज त्यांच्या टेबलावर जायला काय हरकत आहे?

शेवटचा मुद्दा मोजणीचा. अमेरिकेत १९७८ पासून एक साधा मापदंड आहे: एखाद्या गटाच्या निवडीचं प्रमाण सर्वाधिक निवडल्या गेलेल्या गटाच्या चार-पंचमांशपेक्षा कमी असेल, तर त्या चाचणीकडे संशयाने पाहायचं. शंभरातले ५० पुरुष आणि शंभरातल्या ३० महिला निवडल्या गेल्या, तर तीस हे पन्नासाच्या साठ टक्केच भरतात. म्हणजे कारण द्या. तेवढ्यावरून भेदभाव सिद्ध होत नाही, पण चौकशी सुरू करावी लागते.

आपल्या राज्यघटनेच्या कलम १६ ने सरकारी नोकरीत समान संधीची हमी दिली आहे. तेव्हा पुढची जाहिरात निघेल त्या दिवशी प्रत्येक अटीसमोर बोट ठेवून विचारा, ही अट या कामात नेमकी कुठे लागते? मागच्या भरतीत अर्ज किती, चाचणीला किती, मुलाखतीला किती, नेमणुका किती, हे गटवार आकडे माहितीच्या अधिकारात मागा. आकडे ठेवलेलेच नाहीत असं उत्तर आलं, तर तेही लेखी घ्या आणि पुढच्या भरतीत ते ठेवावेत असा अर्ज त्याच खिडकीवर द्या.