तलंगा डब्यात अंडी घालत नाहीत? पहिलं अंडं यायच्या आधीच हे करा

नमस्कार मंडळी. आधी जरा माझ्या मागे बघा, ती तांबूस तलंग, म्हणजे अजून अंडी न घातलेली तरुण कोंबडी, दिसतेय का, खुराड्याच्या कडेकडेने सारख्या फेऱ्या मारतेय, कोपऱ्यात डोकं घालून बघते, परत बाहेर येते आणि मधूनच लांबलचक सूर काढून ओरडते. ती भुकेली नाहीये, आजारी तर अजिबात नाहीये. तिला अंडं घालायचंय आणि जागा पसंत पडत नाहीये. पहिलंच अंडं आहे तिचं. बाळंतीण बाईला कुठे बसवायचं ते घरच्यांनी आधी बघून ठेवायला पाहिजे की नको? तसंच आहे हे.

बऱ्याच जणांचा प्रश्न असतो, ताई आम्ही चांगले डबे ठेवलेत, भुसा घातलाय, तरी कोंबड्या गोठ्यात नाहीतर तुळशीमागे अंडी घालतात, काय हट्टी जात आहे. तर मला मनापासून सांगायचंय की ती हट्टी नाही. तिला जे पाहिजे ते डब्यापेक्षा गोठ्यात जास्त मिळतंय, एवढंच. आपला डबा त्या गोठ्याच्या कोपऱ्यापेक्षा बरा वाटला पाहिजे आणि तेही पहिल्या अंड्याच्या आधी, कारण पहिली पाच-सहा अंडी जिथे पडतात तिथेच तिला पुढे जावंसं वाटतं. एकदा सवय लागली की मोडायला फार जीव खातं.

माझ्याकडे मागच्या वर्षी ९ तलंगा होत्या. डबे मी ठेवले, पण कधी, तर अंडी सुरू झाल्यावर. चार जणी डब्यात, बाकीच्यांचं अंडंच दिसेना. मला वाटलं अजून उशीर आहे. मग एक दिवस सरपण हलवलं तर त्या ढिगाच्या पोकळीत १४ अंडी, वरची पाण्यात टाकली तर तळाला आडवी बसली म्हणजे ताजी, आणि खालची सगळी तरंगली. तरंगलं की टाकून द्यायचं, फोडून बघायच्या भानगडीत पडू नका. त्याच पोकळीत तीन-चार नुसती कवचं पण होती, म्हणजे मुंगसाला जागा माझ्या आधी कळली होती. फार वाईट वाटलं, कारण त्या बिचाऱ्यांनी त्यांचं काम चोख केलेलं, कमी मी पडले होते.

आता तिला नक्की काय पाहिजे असतं ते बघू. अंधार, आडोसा, अंगाखाली मऊ काहीतरी जे पायाने उकरून खळगा करता येईल, आणि आधीच पडलेलं एखादं अंडं. का, तर तिची मूळची जात लाल रानकोंबड्याची, ती जंगलात झुडपाखाली जमिनीवरच खळगा करून अंडी घालायची. (आपल्या सह्याद्रीत दिसतो तो राखाडी रानकोंबडा वेगळा बरं का, पण कोंबड्यांच्या पिवळ्या कातडीचा गुण त्या राखाडीकडून आलाय असं शास्त्रज्ञांना सापडलंय.) आधीचं अंडं दिसलं की तिला वाटतं ही जागा सुरक्षित आहे, इथलं अंडं कुणी खाल्लेलं नाही. आमच्या सासूबाई हे बरोबर ओळखून होत्या, सगळी अंडी कधीच उचलायच्या नाहीत, एक तरी पाटीत ठेवायच्याच.

हे बघा, हे माझे डबे. टोमॅटोचं क्रेट आडवं केलंय, बस. विकतचं काही नाही. आत साधारण १२ इंच लांब, १२ रुंद, १२ उंच जागा मिळाली की गावरान कोंबडीला पुरते, गिरिराज वनराज असल्या अंगाने मोठ्या कोंबड्यांना १४ इंच करा. फार मोठा करू नका, दोघी आत शिरतात आणि अंडं फुटतं. क्रेटला भोकं असतात म्हणून मी तिन्ही बाजूंनी गोणपाट शिवलंय, आणि पुढे अर्ध्यावर पडदा. पुढच्या तोंडाला ही ४ इंचाची फळी, नाहीतर उकरून उकरून सगळा पेंढा बाहेर. आत खाली भाताचं तूस, वर हाताने चोळून मऊ केलेला पेंढा, चांगला तीन-चार इंच. तेलाचा पत्र्याचा डबा कापून पण करतात लोक पण तो अंगाने अरुंद पडतो आणि कापलेली कड लागते, करायचाच तर कडा ठोकून वळवा. चार-पाच कोंबड्यांना एक डबा पुरतो, तरी सगळ्याजणी एकाच डब्यासमोर रांग लावणार, ते चालायचंच.

जागा म्हणाल तर दारासमोर नको, खुराड्यातल्या सगळ्यात शांत आणि अंधाऱ्या बाजूला. जमिनीपासून दीड-दोन फूट, पण तलंगांसाठी मी सुरुवातीला जमिनीवरच ठेवते, त्या खालीच शोधत असतात ना, मग महिन्याभराने हळूहळू विटा लावून वर घेते. आणि एक गोष्ट कधीच विसरू नका, रात्री बसायची दांडी डब्यापेक्षा उंच पाहिजे. कोंबडी झोपायला सगळ्यात उंच जागा धरते, डबा उंच असला की ती डब्यात झोपणार, रात्रभर तिथेच हगणार आणि सकाळी अंडं त्या घाणीत. सुरुवातीचे पंधरा दिवस मी रोज संध्याकाळी डब्यांची तोंडं फळी लावून बंद करते आणि पहाटे उघडते, एकीलाही झोपायची सवय लागू देत नाही.

आता वेळ कशी ओळखायची. लेगहॉर्नसारख्या फार्मच्या कोंबड्या १८ ते २० आठवड्यांत सुरू होतात, आपल्या गावरान तलंगा सहा-सात महिने घेतात. पण कॅलेंडर बघण्यापेक्षा तिच्याकडे बघा. तुरा आणि गालाखालचे लोंबते गल्ले फिकट होते ते लालबुंद होतात. पाठीवर हात ठेवला की पूर्वी पळायची ती आता पंख जरा पसरून खाली दबून बसते. तिसरी खूण हाताला कळते, शेपटीखाली दोन हाडांची टोकं लागतात, त्यांच्यामध्ये आधी जेमतेम एक बोट बसायचं तिथे दोन-तीन बोटं बसायला लागली की झालंच. डबे मात्र ह्या सगळ्याच्या दोन-तीन आठवडे आधी आत गेलेले पाहिजेत, म्हणजे त्या आत जाऊन, चोची मारून, पेंढा उचकटून बघतात आणि भीती जाते.

त्यातच खोटं अंडं ठेवायचं. माझ्याकडे हे संगमरवराचं आहे, जत्रेत मिळालं. लाकडाचं चालतं, प्लास्टिकचं चालतं पण आत वाळू भरून जड करा, हलकं असलं की पायाने लाथाडलं जातं. खरं अंडं ठेवलं तर रोज बदलावं लागतं आणि फुटलं की चव लागते. अंडं खायची सवय लागलेली कोंबडी म्हणजे मोठं दुखणं. जड खोट्या अंड्यावर चार वेळा चोच मारून काही हाती लागलं नाही की ती नाद सोडते, हा आणखी एक फायदा.

पुढचं काम सकाळचं. बहुतेक अंडी उजाडल्यापासून दुपारच्या आत पडतात, म्हणून पहिले दोन-तीन आठवडे त्यांना बाहेर मोकळं सोडायची घाई करू नका, साधारण ११ वाजेपर्यंत खुराड्याच्या आवारातच राहू दे. दाणापाणी आत. आमच्याकडे जुन्या बायका पहाटे कोंबडी चाचपून बघायच्या, अंडं हाताला लागलं की ती डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या टोपलीखाली, बाकीच्या मोकळ्या. पद्धत तीच आहे, मी फक्त सगळ्यांना एकत्र ठेवते. आणि एक अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात, म्हणून आज आठला घातलं तर उद्या साडेनऊला, परवा त्याहून उशिरा, असं सरकत सरकत एखादा दिवस खाडा पडतो. कोंबडी बंद झाली म्हणून घाबरू नका.

एखादी कोपऱ्यात बसलीच तर ओरडू नका, हाकलू नका. दोन्ही हातांनी पंखांवरून धरा, शांतपणे उचलून डब्यात ठेवा, पडदा सोडा आणि लांब जा. ती बाहेर येईल, परत ठेवा, दोनदा-तीनदा. नाही ऐकलं तर त्या दिवशी सोडून द्या. मात्र तो कोपरा तसाच ठेवू नका, तिथलं तूस काढा, दगड ठेवा नाहीतर तिथे उजेड पाडा, आणि पडलेलं अंडं लगेच उचला कारण ते बघून दुसरी तिथेच बसणार. अगदी सुरुवातीची एक-दोन अंडी दांडीवरून नाहीतर चालता चालता पडतात, कधी मऊ कवचाची, कधी आत पिवळा बलकच नसतो. तिला स्वतःलाच कळलेलं नसतं. ते चार दिवसात सुधारतं, शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवत जा.

जमिनीवरच्या अंड्याचं मला एवढं का, तर अंडं बाहेर येतं तेव्हा ओलं असतं, त्यावर एक पातळ थर असतो जो वाळून कवचाची भोकं झाकतो. अंडं गार होताना आत आकसतं आणि भोकांतून हवा आत ओढली जाते, त्या वेळेला ते शेणाघाणीत पडलेलं असेल तर घाण पण आत. चकचकीत धुऊन ठेवलं म्हणून ते आतलं निघत नाही, उलट धुण्याने तो थर जातो. कोरड्या पेंढ्यात पडलेलं अंडं धुवावंच लागत नाही.

सगळं करून पण चांगल्या बसणाऱ्या कोंबड्या अचानक डबा सोडून द्यायला लागल्या तर रात्री बॅटरी घेऊन डब्याच्या फटी बघा. बारीक तांबडे किडे, दिवसा लपतात आणि रात्री रक्त पितात. पेंढा जाळून टाका, क्रेट कडक उन्हात तापवा, फटी साफ करा. आम्ही कडुनिंबाचा वाळलेला पाला पण घालतो. आणि खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणारी कोंबडी डबा अडवून बसलेली असली तर तिला वेगळी काढा, नाहीतर नव्या पोरी जागा नाही म्हणून परत सरपणात जायच्या.

बघा बघा, हळू... ती मगाचची. तिसऱ्या डब्यात डोकं घातलंय, त्या खोट्या अंड्याला चोच लावून बघतेय. एक पाय आत टाकला. हां, गेली. आता ती आत गोल फिरून पेंढा पोटाखाली ओढून घेईल, अर्धा तास, कधी तासभर पण बसेल. आपण इथे बोलत उभे राहिलो तर उठून येईल, म्हणून मी कॅमेरा बंद करतेय, अंडं कसं आलं त्याचा फोटो कॉमेंटमध्ये टाकते.