रँक सांग, मार्क नको

(पडद्यावर: परळ, सकाळ. केईएम हॉस्पिटलच्या फाटकासमोरची वर्दळ.)

परळ-भोईवाड्यात वाढलेल्या पोरांना केईएम तोंडपाठ असतं. केसपेपर कुठे निघतो, एक्स-रे कुठे, सगळं. त्याच आवारात 1926 पासून सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आहे. एमबीबीएसच्या 250 जागा. त्यातली एक आपल्या वाट्याला येईल का, याचा हिशेब 'नीट' या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की मुंबईत घरोघरी मांडला जातो. आणि बऱ्याच घरांत तो पहिल्याच ओळीला चुकतो.

कारण निकालाच्या दिवशी येणारा प्रत्येक फोन एकच विचारतो: किती पडले?

किती पडले याला एकट्याला अर्थ नाही. 600 घ्या. 2024 मध्ये 600 मार्कांना देशात ऐंशी हजारांच्या आसपास रँक होती. त्या वर्षी 720 पैकी 720 घेणारेच आधी 67 निघाले, निकाल सुधारल्यावर 17 उरले. 600 वाल्या मुलाला महाराष्ट्रात ओपनमधून सरकारी कॉलेज मिळालं नाही. पुढच्या वर्षी फिजिक्सने सगळ्यांना घाम फोडला. देशात पहिल्या आलेल्याला 686 होते, आणि 602 किंवा त्याहून जास्त मार्क मिळवणारी मुलं अख्ख्या देशात तेराशे-साडेतेराशे. म्हणजे एका वर्षी घरात सुतक आणणारे मार्क दुसऱ्या वर्षी पेढे वाटायला लावतात.

म्हणून रँक बघायची. सरकारी जागा वर्षाला थोड्याफारच वाढतात, त्यामुळे शेवटची जागा ज्या रँकला जाते ती फारशी उड्या मारत नाही. उड्या मारतात मार्क.

आणि 'क्वालिफाय झाला' या शब्दावर तर अजिबात जाऊ नये. 2025 ला ओपनची पात्रता होती 144. साडेबारा लाखांच्या जवळपास मुलं पात्र ठरली. क्लासवाले फ्लेक्स लावतात ते लावोत.

(पडद्यावर: भोईवाड्यातली चाळ. खाटेवर पसरलेले झेरॉक्स.)

या घरात हिशेब आई करते. मुलगी बारावी झाली आणि एक वर्ष ड्रॉप घेऊन पुन्हा बसली. वडील बेस्टच्या आगारात, पाळीवर. आईने गेल्या वर्षीची सिलेक्शन लिस्ट गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलीय. अक्षर इतकं बारीक की स्टीलची पट्टी ओळीखाली धरल्याशिवाय वाचताच येत नाही. पट्टी एक-एक ओळ खाली सरकते: आधी एसएमएल, म्हणजे राज्याच्या मेरिट लिस्टमधला नंबर, मग कॅटेगरी, मग कुठल्या कोट्यातून जागा मिळाली ते, मग कॉलेज.

"शेजारच्या मावशी विचारतात, केईएमचा कटऑफ किती?" आई म्हणते. "मी विचारते, कुठल्या रांगेचा?"

बाई मुद्द्याचं बोलल्या. 250 पैकी 15 टक्के ऑल इंडिया कोट्यात जातात, त्या दिल्लीहून एमसीसी, म्हणजे केंद्राची प्रवेश समिती, भरते. उरल्या 212 च्या घरात. त्या भरते फोर्टातली आपली सीईटी सेल, राज्याचं प्रवेशाचं ऑफिस. त्यात एससी, एसटी, व्हीजेएनटी, ओबीसी मिळून 50 टक्के, शिवाय एसईबीसी (मराठा आरक्षण) 10 आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) 10. ओपनला राहिल्या साठ-पासष्ट. आणि ओपन म्हणजे ज्यांना आरक्षण नाही त्यांच्यापुरती राखून ठेवलेली रांग, असंही नाही. चांगल्या रँकची ओबीसी मुलगीसुद्धा तिथूनच जागा घेते. प्रत्येक रांगेत पुन्हा मुलींच्या 30 टक्के. तेव्हा 'केईएमचा कटऑफ' अशी एक गोष्टच नसते, दहा-बारा वेगवेगळे कटऑफ असतात. आपला कुठला, ते आपल्या कागदांवर ठरतं. जातवैधता आणि नॉन-क्रिमीलेअर वेळेत हातात नसेल तर रँक तीच राहते, रांग बदलते.

पट्टी खाली सरकत असताना मुलगी मधेच म्हणते, "आई, ही पहिल्या राउंडची यादी आहे."

हा दुसरा खड्डा. पहिल्या कॅप राउंडचा, म्हणजे पहिल्या प्रवेशफेरीचा, कटऑफ बघून अनेक घरं हाय खातात. पण वरच्या रँकची काही मुलं एम्सला किंवा ऑल इंडियातून दुसरीकडे जातात, त्यांच्या जागा मोकळ्या होतात, आणि यादी खाली घसरते. शेवटच्या राउंडला दार कुठे बंद झालं, ते बघायचं. अंदाज तिथून बांधायचा. फक्त एक सांभाळायचं: स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरला की मिळालेली जागा पक्की आणि पुढच्या राउंडमधून तुम्ही बाहेर. मुंबईतलंच नायर कॉलेज मिळालंय आणि मनात अजून केईएम आहे, तर तो फॉर्म घाईने भरायचा नसतो.

जुन्या याद्या किती मागे चाळायच्या? 2020 च्या आधीच्या नकोच. तेव्हा राज्यात 70-30 चा प्रादेशिक कोटा होता. मराठवाडा, विदर्भ आणि उरलेला महाराष्ट्र आपापल्या वाट्यावर भांडत. तो गेला आणि सगळी गणितं बदलली. ऑनलाइन प्रेडिक्टरमध्येही मार्क टाकू नका, रँक टाका. तरी उत्तर एकाच आकड्यात देणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

खासगी कॉलेजांचं फीचं प्रकरण इथे काढत नाही. त्यात शक्यता रँकपेक्षा पासबुकावर जास्त ठरते.

(पडद्यावर: पुणे, एएफएमसीचा परिसर.)

एक रांग अजून राहिली, आणि ती अशी की तिथे रँक पुरत नाही. पुण्याचं आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज, 1948 चं. इथे मुलाखत असते. एमसीसीच्या साइटवर इच्छा नोंदवायची, नीटच्या मार्कांवर बोलावणं येतं, मग इंग्रजी आणि तर्काची टोएलर नावाची परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि शेवटी वैद्यकीय तपासणी. मुलाखतीला 50 गुण. बोलावणं येईल का, याचा अंदाज मुलामुलींसाठी एक नसतो: भारतीय विद्यार्थ्यांच्या 145 जागांपैकी मुलींच्या 30. साहजिकच मुलींचा कटऑफ मुलांच्या बराच वर. भावाला बोलावणं आलं त्याच मार्कांवर बहिणीला येईलच असं नाही. शिवाय डॉक्टर झाल्यावर सैन्यदलात नोकरी बांधील आहे, ती हवी असेल तरच हा विचार करावा.

मुलीने पेन्सिलने कागदाचे तीन भाग केलेत. वर केईएम, जे. जे., म्हणजे मिळालं तर मिळालं. मधे सायन, नायर, कूपर. खाली मुंबईबाहेरची सरकारी कॉलेजं, जिथे गेल्या वर्षीच्या शेवटच्या राउंडला तिच्यापेक्षा मागची रँक आत गेली होती. प्रेफरन्स फॉर्म याच क्रमाने भरायचा ठरलाय, कारण वरचं मागितलं म्हणून खालचं हातचं जात नाही.

"आणि पुणे?" आई विचारते.

"नोंदवलंय. तीस जागांत मी बसत नाही बहुतेक."

"बोलावलंच तर बाबांना रजा टाकावी लागेल. आताच सांगून ठेव त्यांना."