पॉनींचा मका घरी परतला

नमस्कार मंडळी. आज मला मक्याबद्दल बोलायचंय. आपण नेब्रास्कात राहतो, जुलैमध्ये गाडी काढून कुठंही निघा, दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथवर मका. पण हा सगळा कंपन्यांच्या बियाणांचा मका आहे. ह्याच प्लॅट आणि लूप नद्यांच्या काठांवर शेकडो वर्षं वेगळाच मका पिकायचा आणि तो पिकवणारी माणसं होती पॉनी, म्हणजे इथली एक मूळ अमेरिकन जमात.

पॉनी लोक मक्याला आई मानतात. शेती बायकांची. मातीचे छोटे उंचवटे करून त्यात मका, घेवडा लावायचा, भोपळे वेगळे, आणि मक्याचे वेगवेगळे वाण एकमेकांत मिसळू नयेत म्हणून लांब लांब पेरायचे. खुरपणी उरकली की अख्खं गाव बायसनच्या शिकारीला जायचं आणि कणसं कोवळी असतानाच परत यायचं, मग ती भाजून, वाळवून जमिनीतल्या पेवात भरून ठेवायची.

मग एकामागून एक करार झाले, 1857च्या करारानंतर लूप नदीकाठचा एक पट्टा तेवढा उरला, तिथंही आजूबाजूला वसायला आलेले गोरे सेटलर लाकूड तोडून न्यायचे, टोळधाड यायची, लकोटा ह्या दुसऱ्या मूळ अमेरिकन जमातीचे हल्ले व्हायचे. 1873च्या ऑगस्टमध्ये शिकारीला गेलेल्या पॉनींची फार मोठी कत्तल झाली, त्या जागेला आजही मॅसकर कॅन्यन, म्हणजे कत्तलीची दरी म्हणतात. पुढच्या दोन-तीन वर्षांत सगळे आजच्या ओक्लाहोमात गेले. एकेकाळी हजारोंनी असलेला हा समाज 1900च्या सुमारास सहा-सातशेवर आला होता. बी त्यांनी सोबत नेलं होतं, पण तिथली माती वेगळी, उन्हाळा कडक, मका नीट येईना. काही घरांनी मात्र मूठ मूठ दाणे पिढ्यानपिढ्या जपले.

हे दाणे शोधून एकत्र करायचं काम डेब एको-हॉक ह्या पॉनी बाईंनी हातात घेतलं. आणि इकडं कर्नीजवळच्या आर्चवे म्युझियममध्ये काम करणाऱ्या रॉनी ओब्रायन ह्यांनी त्यांना विचारलं, की तुमचं बी इथं, तुमच्या जुन्या मातीत लावून बघूया का? ईगल कॉर्न म्हणून एक वाण आहे, पांढऱ्या दाण्यावर पंख पसरलेल्या गरुडासारखी जांभळट खूण असते. त्याचे 50च दाणे राहिले होते. त्यातले 25 पाठवले आणि ते वाया गेले. उरले 25. आता विचार करा, तुमच्या घरातली शेवटची मूठ आहे आणि ज्या समाजानं तुमची जमीन घेतली त्याच समाजातल्या बाईच्या हाती ती पुन्हा द्यायची. त्यांनी दिली. ह्या वेळी मका उगवला, कणसं धरली! मला विचाराल तर ह्या सगळ्या गोष्टीत मोठं काय असेल तर हा विश्वास.

आणि नुसतं पेरून भागत नाही. मक्याच्या तुऱ्यातले पराग वाऱ्याबरोबर लांब जातात, शेजारच्या शेतातले पराग कणसाच्या केसांवर पडले की वाण बिघडला. म्हणून एकेक वाण वेगळ्या शेतात, दुसऱ्या मक्यापासून लांब, नाहीतर फुलोऱ्याची वेळ चुकवून लावावा लागतो. इतक्या मक्याच्या राज्यात अशी जागा शोधणं किती अवघड असेल बघा, पण नेब्रास्कातले कितीतरी शेतकरी आणि बागवाले हे मनापासून करतात आणि बी ओक्लाहोमाला पॉनींकडं जातं.

जमिनीचंही सांगते. डॅनेब्रॉगजवळ रॉजर वेल्श नावाचे लेखक राहायचे, त्यांनी आणि त्यांच्या पत्नी लिंडा ह्यांनी 2007मध्ये आपली 60 एकर जमीन पॉनींना परत देऊन टाकली. त्याआधी पॉनींनी म्युझियममध्ये ठेवलेले पूर्वजांचे अवशेष परत मिळवण्यासाठी लढा दिला होता, त्यातून 1989मध्ये नेब्रास्कात कायदा झाला, देशभराचा कायदा त्यानंतर वर्षानं आला.

भाषेचं काम सगळ्यात कठीण. जिनोआला, म्हणजे जिथं त्यांचं रिझर्व्हेशन, त्यांना राखून ठेवलेला तो लूपकाठचा पट्टा होता तिथंच, 1884 ते 1934 सरकारी बोर्डिंग स्कूल चाललं, अनेक जमातींची मुलं तिथं आणली जायची आणि स्वतःच्या भाषेत बोललं की शिक्षा व्हायची. आज पॉनी लोक जुन्या रेकॉर्डिंगवरून, 2008मध्ये आलेल्या स्किरी ह्या पॉनी बोलीच्या डिक्शनरीवरून भाषा शिकतायत. रोमिंग स्काउट ह्या जुन्या धर्मगुरूचा आवाज शंभरहून जास्त वर्षांपूर्वी मेणाच्या सिलिंडरवर घेतलेला आहे, तोही ह्या अभ्यासात उपयोगी पडला.

मला एक-दोघांनी विचारलं की हे बी आपल्याला परसात लावायला मिळेल का. तर मंडळी, ते पॉनींचं आहे, कुणाला द्यायचं ते तेच ठरवणार. कुणाकडं गावाबाहेर जमीन असेल, आसपास दुसरा मका नसेल आणि पीक त्यांच्यासाठी वाढवायची तयारी असेल तर पॉनी नेशनलाच, म्हणजे त्यांच्या जमातीच्या सरकारलाच विचारा. आणि आपल्या शनिवारच्या मराठी शाळेतल्या मुलांना एकदा जिनोआचं म्युझियम दाखवायला नेऊया, त्या बोर्डिंग स्कूलची एक इमारत अजून उभी आहे. गाड्या कोण कोण काढणार ते चहाच्या वेळी मला सांगा.